डोकं थंड ठेवणाऱ्यांनी परवान्याची नोकरी कशी निवडावी

शिक्षण संपत आलं तेव्हा माझ्या भाचीने मला विचारलं, "मावशी, मी कधी घाबरत नाही. तुझं काम मला जमेल का गं?" मी २२ वर्षं रडारसमोर बसून विमानांचं नियंत्रण केलं. त्यातली शेवटची ९ वर्षं शिकणाऱ्यांच्या मागे खुर्ची टाकून बसले. तरी मी लगेच हो म्हटलं नाही. म्हटलं, "अलीकडे कधी गोंधळ उडाला होता? तेव्हा तू काय काय केलंस ते क्रमाने सांग." ती म्हणाली, "काही नाही, मी शांत बसून राहिले."

हे उत्तर मी शिकायला येणाऱ्यांकडून बऱ्याचदा ऐकलंय, आणि ते ऐकलं की मला काळजी वाटते. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या तीन शांतता असतात. एकात माणूस गोठलेला असतो. हात-पाय गळालेले असतात, पण तोंडावर काही दिसत नाही म्हणून लोक कौतुक करतात. दुसरीत त्याला फिकीरच नसते, होईल ते होईल. तिसरीत पोटात गोळा येतो, तळहात ओले होतात आणि तरीही पुढची गोष्ट कोणती करायची हे दिसत राहतं. परवान्याच्या नोकऱ्यांना ही तिसरी शांतता लागते. विमान नियंत्रण असो, भूलशास्त्र असो, अणुभट्टीचा नियंत्रण कक्ष असो की जहाजाचा ब्रिज, म्हणजे जिथून जहाज हाकतात ती खोली, पहिल्या दोन प्रकारांची माणसं तिथे धोकादायक ठरतात. म्हणून अर्ज भरायच्या आधी आपली शांतता यातली कुठली ते तपासा.

एक वही करा. महिनाभर, जेव्हा जेव्हा तारांबळ उडेल तेव्हा तासाभराच्या आत लिहून काढा: मला आधी काय दिसलं, कोण काय बोललं, मी पहिल्यांदा काय केलं, काय राहून गेलं. कोणी पडलं, कुठे धूर झाला, कामाच्या ठिकाणी ऐनवेळी काही बिघडलं, कुठलाही प्रसंग चालेल. मग तिथे हजर असलेल्या दुसऱ्या माणसाला त्याची हकिकत विचारा आणि दोन्ही ताडून बघा. तुमच्या हकिकतीत भोकं किती आणि कुठे आहेत ते महत्त्वाचं. "मला कोणीतरी हाक मारली होती हे मला आठवतच नाही" असं निघालं, तर ताणाखाली तुमचे कान बंद होतात. हे पुष्कळांचं होतं आणि सरावाने बरंच सुधारतं, पण आधी माहीत हवं. प्रसंग दोन मिनिटांचा होता की दहा, हे तुम्ही किती बरोबर सांगता तेही बघा. आणि मदत मागितलीत का? हा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवते.

दुसरी चाचणी कंटाळवाणी आहे आणि ती मुद्दामच तशी आहे. चार-चार आकडी संख्यांच्या दोन लांब याद्या कोणाकडून तरी करून घ्या. त्यात मोजके फरक लपवलेले असू देत. ४० मिनिटं न उठता त्या ताडत बसा. शेवटच्या दहा मिनिटांत किती फरक हातून सुटले ते मोजा. संकटात कसं वागाल हे सगळे विचारतात, पण या नोकऱ्यांमधला बहुतेक वेळ काहीच न घडण्याचा असतो आणि चूक त्या वेळात शिरते. हे मी माझ्याच चुकीतून शिकले, ती सांगते.

संध्याकाळची पाळी होती. माझ्या फ्रिक्वेन्सीवर चारच विमानं, म्हणजे हलकं काम. एका चढणाऱ्या विमानाला मी फ्लाइट लेव्हल ३३० दिली, कारण ३४० वर समोरून दुसरं विमान येत होतं. ३३० म्हणजे साधारण ३३ हजार फूट. वैमानिकाने रीडबॅक दिला, म्हणजे मिळालेली सूचना परत म्हणून दाखवली: ३५०. त्याच्या आराखड्यात ३५० होती, त्याला तेच ऐकायचं होतं, तो तेच बोलला. मी त्याच वेळी शेजारच्या सेक्टरशी, म्हणजे आकाशाचा पलीकडचा तुकडा सांभाळणाऱ्या नियंत्रकाशी, फोनवर भलत्याच विमानाबद्दल बोलत होते. रीडबॅक कानावर पडला आणि मला जे ऐकायचं होतं तेच मी ऐकलं. नंतर स्क्रीनवर त्याच्या नावाखालचा आकडा ३३१ झाला, ३३३ झाला, तेव्हा काळजाचा ठोका चुकला. मी त्याला ताबडतोब उजवीकडे वळायला सांगितलं, समोरच्यालाही त्याच्या उजवीकडे वळवलं. दोघांमध्ये कमीत कमी ५ सागरी मैल किंवा १ हजार फूट अंतर हवं होतं. ते राहिलं ३.८ मैल आणि ६०० फूट.

काही मिनिटांत दुसऱ्या नियंत्रकाने माझी जागा घेतली. दुसऱ्या दिवशी चौकशीत टेप ऐकवली. माझा आवाज अगदी सपाट होता, एका सहकाऱ्याने तर शाबासकी दिली. चौकशी करणाऱ्या बाईंनी मात्र टेप दोन मिनिटं मागे नेली, रीडबॅकपाशी थांबवली आणि विचारलं, "इथे तुम्ही कुठे होतात?" तो प्रश्न आजही माझ्या कानात आहे. संकटात मी शांत होते हे खरंच होतं. पण संकट उभं राहिलं ते मी त्याहून जास्त शांत असताना. मी निवांत झाले होते. तेव्हापासून रीडबॅक संपेपर्यंत मी फोन कानाला लावला नाही. पलीकडचा माणूस कितीही घाईत असो, थांबतो.

आता नियमांबद्दल. या नोकऱ्यांना परवाना लागतो याचा अर्थ तुमच्या बोलण्याचे शब्दसुद्धा ठरलेले असतात. आमच्याकडे आकडे एकेक करून बोलतात. इंग्रजीतले तीन, पाच आणि नऊ हे आकडे आम्ही 'ट्री', 'फाइफ' आणि 'नायनर' असे म्हणतो, कारण खरखरीत रेडिओवर ते एकमेकांत मिसळू नयेत. 'टेक-ऑफ' हा शब्द नियंत्रक फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरतो. बाकी सगळीकडे 'डिपार्चर'. नव्या मुलांना हे कर्मकांड वाटतं. मी त्यांना २७ मार्च १९७७ ची गोष्ट सांगते. तेनेरिफे बेटावरच्या विमानतळावर धुकं होतं, धावपट्टीवर दोन बोईंग ७४७ होती. एकाच्या वैमानिकाला उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी मिळाली होती, उड्डाणाची नाही. आपण टेक-ऑफला आहोत अशा अर्थाचं तो काहीतरी बोलला. नियंत्रकाने आधी 'ओके' म्हटलं आणि मग थांबायला सांगितलं. तेवढ्यात दुसऱ्या विमानाचाही आवाज त्याच फ्रिक्वेन्सीवर आला, दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले आणि कॉकपिटमध्ये 'ओके'नंतरचं नीट कळलंच नाही. विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. आमच्या नियमावलीतल्या कितीतरी ओळींच्या मागे अशीच माणसं आहेत.

म्हणून निवड करताना स्वतःला विचारा: कोणी बघत नसताना, शंभराव्यांदा, तोच शब्द त्याच क्रमाने म्हणायला मी तयार आहे का? "मला माझ्या पद्धतीने काम करायला आवडतं" असं मनापासून वाटत असेल तर त्यात काही कमीपणा नाही. दुसरी पुष्कळ चांगली कामं आहेत.

कोणतं काम निवडायचं? मी ते घड्याळावर ठरवायला सांगते. तुमची शांतता किती वेळ टिकते आणि कोणत्या वेळेत उत्तम चालते, ते त्या वहीतून दिसेल.

विमान नियंत्रणात घड्याळ सेकंदांचं वाटतं. समोरासमोर येणारी दोन जेट विमानं मिनिटाला प्रत्येकी आठेक मैल कापतात, म्हणजे ५ मैलांचं अंतर २० सेकंदांच्या आत संपतं. पण चांगला नियंत्रक त्या २० सेकंदांपर्यंत जातच नाही. तो दहा मिनिटं आधी एकाला थोडं खाली ठेवतो आणि पुढे काहीच घडत नाही. आम्ही याला 'पिक्चर' म्हणतो. सगळी विमानं आत्ता कुठे आहेत आणि थोड्या वेळाने कुठे असतील, याचं डोक्यातलं चालतं चित्र. ज्यांना एकाच वेळी अनेक हलत्या गोष्टींचा हिशेब ठेवायला आवडतो, त्यांचं हे काम.

भूलतज्ज्ञाचं घड्याळ मिनिटांचं आहे, आणि त्यांचा एक हिशेब मला फार शिकवून गेला. भूल देऊन श्वास थांबल्यावर, आधी शुद्ध ऑक्सिजन नीट दिलेला असेल तर धडधाकट माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन घसरायला साधारण आठ मिनिटं लागू शकतात. दिलेला नसेल तर मिनिटभरच मिळतं. श्वासनलिकेत नळी जात नसताना जो भूलतज्ज्ञ शांत दिसतो, त्याने ती सात मिनिटं आधीच कमावून ठेवलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी आणली. भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी ती मोठ्याने वाचायची. नाव काय, कुठली शस्त्रक्रिया, कुठल्या बाजूची. नामवंत सर्जनसमोर हे विचारताना संकोच वाटतो, आणि तो बाजूला सारून विचारणं हाच या कामातला धीर. मात्र ही वाट लांब आहे: आधी डॉक्टर, मग विशेष शिक्षण. काही देशांत परिचारिकांनाही भूल देण्याचं प्रशिक्षण आणि परवाना मिळतो.

आणीबाणीचे फोन घेणाऱ्यांचं काम लोक हलकं समजतात, ते मला खटकतं. तुम्हाला काही दिसत नसतं, पलीकडे कोणी किंचाळत असतं. तरी आधी विचारायचं पत्ता. फोन तुटला तरी गाडी निघाली पाहिजे. मग न दिसणाऱ्या छातीवर न दिसणाऱ्या हातांकडून दाब द्यायला लावायचा: मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मोठ्याने मोजत. समोरचा माणूस ऐकत नसेल तर तेच वाक्य, त्याच स्वरात, पुन्हा पुन्हा म्हणतात. आवाज चढवत नाहीत, शब्द बदलत नाहीत, आणि तिसऱ्या-चौथ्यांदा माणूस ऐकायला लागतो. हे घरी सरावाने येतं. अवघड भाग पुढचा आहे. ते माणूस वाचलं की नाही हे बहुतेक वेळा कळतच नाही. ज्यांना शेवट कळल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी यात जाण्याआधी दहादा विचार करावा.

अणुभट्टीच्या नियंत्रण कक्षात घड्याळ तासांचं, वर्षांचं. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला, तेव्हा शेकड्याने इशारे एकदम वाजत होते. एक झडप उघडी अडकली होती आणि पॅनेलवरून ती बंद झाल्यासारखी वाटत होती. यंत्रणेत पाणी जास्त होतंय असं समजून चालकांनी आपत्कालीन पाणी कमी केलं. शिकवल्याप्रमाणे आणि शांतपणेच केलं. त्यानंतर सिम्युलेटरवरच्या प्रशिक्षणाचा चेहराच बदलला. तिथे सूचना तीन पायऱ्यांनी जाते: एकाने सांगायचं, दुसऱ्याने परत म्हणायचं, पहिल्याने 'बरोबर' म्हणायचं, मगच हात हलवायचा. अमेरिकेत या चालकाचा परवाना सहा वर्षांचा असतो, आणि मधल्या काळातही परीक्षा चालूच. स्वतःच्या समजुतीवर शंका घेत शांत राहता येत असेल, तर हे काम तुमचं.

जहाजावरची पाळी, पाण्याखालचं व्यावसायिक काम, विमान चालवणं हेही याच कुळातलं, पण त्यातलं मला बाहेरूनच माहीत आहे, म्हणून लांबण लावत नाही.

अर्ज करायच्या आधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. प्रशिक्षणाची फी भरायच्याही आधी. रंग ओळखता येत नाहीत हे फी भरल्यावर कळलेली मुलं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं. विमान नियंत्रकाला आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तिसऱ्या वर्गाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, किमान २१ वर्षं वय आणि सहा पातळ्यांपैकी किमान चौथ्या पातळीचं इंग्रजी लागतं. त्यावर देशोदेशीच्या अटी वेगळ्या. अमेरिकेत साधारणपणे ३१ पूर्ण होण्याआधी शिरावं लागतं आणि ५६ व्या वर्षी पोझिशन, म्हणजे प्रत्यक्ष नियंत्रणाची जागा, सोडावी लागते. औषधं चालू असतील, पूर्वी नैराश्याचे उपचार घेतले असतील तर लपवू नका. पुष्कळदा त्यातून मार्ग निघतो, लपवलेलं उघडं झालं तर मात्र परवान्यावरच गदा येते.

संस्थेत जाऊन स्पष्ट विचारा: मागच्या तुकडीतल्या किती जणांना स्वतंत्र काम करायचं रेटिंग मिळालं? ज्यांना मिळालं नाही त्यांचं पुढे काय झालं? अर्ध्यावर थांबलं तर खर्च कोणाचा? उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला तर ती गोष्ट वहीत लिहा. हेही ध्यानात ठेवा की नियंत्रकाचं रेटिंग त्या त्या जागेचं असतं. दुसरीकडे बदली झाली की तिथलं आकाश पुन्हा शिकायचं, पुन्हा परीक्षा. एका वाईट तपासणी अहवालाने परवाना थांबू शकतो, म्हणून हाताशी दुसरं काहीतरी कौशल्य असू द्या. माझ्या ओळखीतले जे सगळ्यात स्थिर होते, त्यांच्याकडे ते होतं.

प्रशिक्षणात तुमच्यामागे कोणीतरी बसेल आणि दर मिनिटाला चूक काढेल. त्या वेळी समर्थन देऊ नका. "ऐकलं" म्हणा, पुढचं विमान सांभाळा, बाकीचं नंतर. रेडिओचं बटण दाबण्याआधी एक श्वास पूर्ण सोडा. पाऊण सेकंद जातो, पण वाक्य एकदाच बोलावं लागतं. ताण वाढला की आपला वेग आपोआप वाढतो, वैमानिक 'पुन्हा सांगा' म्हणतात आणि त्यात दुप्पट वेळ जातो. म्हणून काम वाढेल तसं हळू बोलायचं. घरी रोज दहा मिनिटं आकडे मोठ्याने वाचा आणि ध्वनिमुद्रित करून ऐका. आणि मदतीचं वाक्य आधीच ठरवून ठेवा. माझं होतं, "माझं पिक्चर जातंय, शेजारी कोणीतरी बसा." हे वाक्य चार-पाच वेळा तरी मोठ्याने म्हणायला लावल्याशिवाय मी कोणाला सोडत नसे, कारण गरज पडते तेव्हा जीभ वळत नाही.

चूक झाली की त्याच दिवशी लिहून द्या. अमेरिकेत नासा १९७६ पासून विमान वाहतुकीतल्या चुकांचे गोपनीय अहवाल गोळा करते आणि त्यातून पुष्कळ शिकायला मिळालंय. नोकरी पत्करताना तिथे चूक सांगणाऱ्याला कसं वागवतात ते जुन्या माणसांना विचारा. दडपण्याची सवय असलेल्या जागी शांत माणूस सगळ्यात आधी एकटा पडतो.

विश्रांतीबद्दल मी हट्टी आहे. जहाजावरच्या लोकांना आंतरराष्ट्रीय नियमाने २४ तासांत किमान १० आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळायला हवी. ती मागायला लाजू नका. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनच्या आकाशात दोन विमानं आदळली, ७१ जण गेले. त्या रात्री एकच नियंत्रक दोन पोझिशन्स सांभाळत होता, दुसरा विश्रांतीला गेला होता, देखभालीमुळे मुख्य फोनही बंद होता. रात्री रहदारी कमी असते म्हणून ही पद्धत तिथे रुळली होती. "रात्रीचं काय, एकटाही बघेल" असं कोणी तुम्हाला म्हणालं तर ते लेखी मागा.

घटना संपल्यावर अंग थरथरतं, रडू येतं, झोप उडते. ते कमजोरपणाचं लक्षण समजू नका. १५ जानेवारी २००९ ला न्यू यॉर्कमध्ये हडसन नदीवर इंजिनं बंद पडलेलं विमान उतरलं आणि सगळे १५५ जण वाचले. त्याच्याशी बोलणारा नियंत्रक पॅट्रिक हार्टन याने नंतर अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं की प्रसंग चालू असताना त्याचं सगळं लक्ष कामावर होतं, आघात बसला तो नंतर. त्याला वाटलं होतं विमानातले सगळे गेले. अशा प्रसंगानंतर त्याच पाळीत पुन्हा पोझिशनवर बसायला होकार देऊ नका, तुम्हाला कितीही बरं वाटत असलं तरी. बोलायला माणूस कोण ते आधी ठरवून ठेवा, शक्यतो त्याच कामातलं.

भाचीने वही लिहिली. तिसऱ्या आठवड्यात तिने मला एक पान दाखवलं: जिन्यात एक आजी पडल्या होत्या, तिने लोकांना बाजूला केलं, एकाला बोट दाखवून फोन करायला सांगितलं, आणि खाली लिहिलं होतं, "आजी मला दोनदा 'चष्मा' म्हणाल्या, ते मला नंतर शेजारच्या काकांनी सांगितलं." मी तिला म्हटलं, आता अर्ज भर.

आणि पोझिशन सोडताना, म्हणजे दुसऱ्याच्या हाती देताना, यादी वाचून सगळं सांगा: कोण चढतंय, कोणाला काय कबूल केलंय, हवा कशी आहे, काय बिघडलंय. समोरचा "माझ्याकडे आलं" म्हणेपर्यंत जागा तुमचीच. त्याने म्हटल्यावरही लगेच हेडसेट काढून निघू नका. चार-पाच मिनिटं त्याच्या मागे उभं राहा, कारण सांगायचं राहिलेलं एखादं विमान नेमकं त्याच वेळी आठवतं.